क्रमवारीच्या आधी कॉलेज कसे ठरायचे

उच्च शिक्षणसंस्थांची केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली ती एप्रिल २०१६ मध्ये. इंग्रजी साप्ताहिके त्याआधीपासून ‘सर्वोत्तम कॉलेजां’च्या याद्या छापत होती, पण त्या चाळून सांगोल्याचा किंवा राजापूरचा मुलगा कॉलेज ठरवत नव्हता. त्याच्या निवडीची गणिते निराळी होती, आणि ती समजायची तर पदवी कोण देत असे इथून सुरुवात करावी लागते.

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजे संलग्न होती. पेपर एकच, निकाल एकच, पदवीवर सही विद्यापीठाची. पुण्याच्या फर्ग्युसनमधून मिळालेला सेकंड क्लास आणि सांगलीच्या विलिंग्डनमधून मिळालेला सेकंड क्लास यांत कागदावर फरक नव्हता. नोकरी देणारा साहेब क्लास विचारायचा. नंबर लागायचा तो विद्यार्थ्याचा. मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलेल्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाई. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये निघाले, तेव्हा ही हद्द तुटली, पण सवय राहिली. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. १९५८ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत तिथली वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जायची, आणि तिथे बराच काळ शिकवण्याची भाषा उर्दू होती. गोव्यात तर १९६२ पर्यंत सर्वसाधारण पदवीचे कॉलेजच नव्हते. मॅट्रिक झालेली मुले बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठायची.

मग निवड कशावर व्हायची? बहुतेकांची जेवणावर. हे थट्टेने म्हटलेले नाही. पुण्यात मामा आहे की मुंबईत चुलता, यावर शहर ठरे आणि शहरावरून कॉलेज. नातलग नसेल तर वार लावायचे, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे शोधायची. एक घर सुटले की तो वार उपाशी. जिथे वसतिगृह तिकडे विद्यार्थी, हा नियम याच गरजेतून आला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. राजाराम कॉलेजला खेड्यातली मुले मिळाली त्यामागे या बोर्डिंगांचा मोठा हात आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर कॉलेज काढले. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे कॉलेज १९५० चे, पुढे ते मिलिंद म्हणून ओळखले गेले. वसतिगृहामुळे तिथे मराठवाड्याबाहेरूनही दलित मुले आली. गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवणारी पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ ची.

दुसरा निकष म्हणजे हायस्कूलचे हेडमास्तर. ते ज्या कॉलेजात शिकले तिथले दोन-तीन प्राध्यापक त्यांना ठाऊक असत आणि चिठ्ठी त्यांच्याच नावाने जाई. त्यामुळे एकाच गावची मुले वर्षानुवर्षे एकाच कॉलेजात गेलेली दिसतात. आधी गेलेला मुलगा पुढच्याला खोलीत घेई, जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत देई.

विषयाची चौकशी मात्र उशिरा व्हायची आणि तिथेच फसगत होई. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला मराठी, इतिहास, अर्थशास्त्र असायचे. संख्याशास्त्र किंवा भूगोल ‘स्पेशल’ घ्यायचा म्हटले की दोन वर्षांनंतर कॉलेज बदलावे लागे. सायन्सला इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, पातळीवर गणिताचा ए ग्रुप आणि जीवशास्त्राचा बी ग्रुप. ए ग्रुप घेतलेल्याने मेडिकलचे नाव काढण्यात अर्थ नव्हता.

प्रवेशाची रीत पायांची होती. निकाल वर्तमानपत्रात बैठक क्रमांकानुसार येई, गुणपत्रिका मागाहून शाळेत. मग प्रत्येक कॉलेजात जाऊन माहितीपुस्तक आणि फॉर्म विकत घ्यायचा, गुणपत्रिकेच्या टाइप केलेल्या नकला राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायच्या, ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा दाखला जोडायचा. यादी लागायची ती फक्त कॉलेजच्या फलकावर. गावाकडे परतलेल्या मुलाला दुसरी यादी कळेपर्यंत फी भरायची मुदत संपलेली असे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होई, म्हणून अधिक आवडीच्या कॉलेजात नंतर नाव लागले तरी तो सोडवून आणण्यात एक-दोन दिवस जात. तेवढ्यात ती जागा पुढच्याला. वसतिगृह कॉलेजच्या फीची पावती मागायचे. राहायची सोय नक्की नसताना फी भरायची की नाही, हा पेच बापाला तिथल्या तिथे सोडवावा लागे.

गुणांवरून कॉलेजांची उतरंड लागली ती १०+२ आल्यावर. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली. बारावीचे गुण हेच इंजिनिअरिंग-मेडिकलचे दार झाले, आणि शेवटच्या प्रवेशाचा टक्का, म्हणजे कटऑफ, कॉलेजच्या दर्जाचे माप समजला जाऊ लागला. वास्तविक कटऑफ गर्दी मोजतो. स्टेशनजवळच्या कॉलेजचा टक्का चढतो, तितक्याच चांगल्या आडबाजूच्या कॉलेजचा उतरतो. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलांच्या नावापुढे कॉलेजचे नाव छापले जाई, तेही लोक मोजू लागले. लातूर पॅटर्नचा, म्हणजे लातूरच्या कॉलेजांतल्या बारावीच्या कसून तयारीचा, दबदबा याच यादीतून झाला: राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांसाठी परजिल्ह्यांतून मुले लातुरात खोल्या घेऊन राहू लागली.

१९८३ पर्यंत इंजिनिअरिंगला पर्याय मोजकेच होते: पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, कराडचे सरकारी कॉलेज आणि अशीच आणखी काही. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना परवानगी दिली आणि नावे भराभर वाढली. देणग्यांचा बाजार बोकाळला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात त्याला चाप लावला आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेकडे वळले. आता मुलापुढे एक कागद आला, त्यावर पसंतीक्रमाचे रकाने. हेडमास्तरांना तीन कॉलेजे माहीत होती, इथे डझनावारी नावे क्रमाने लिहायची होती. लोकांनी सोपा मार्ग काढला: मागच्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवायचा आणि त्याच उतरत्या क्रमाने रकाने भरायचे. त्यामुळे वरची कॉलेजे वरच राहत गेली. २००९ मध्ये मुंबईचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हाही पालकांच्या हातात हाच जुना कटऑफ होता.