सर्व्हर बंद आहे, की नुसता नकार देतोय?

वेबसाइट उघडली नाही की आपण सरसकट म्हणतो, सर्व्हर डाउन आहे. पण पडद्यावर '४०३ फॉरबिडन' किंवा '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' दिसत असेल, तर सर्व्हर जागा आहे. नकार कळवणारं ते पान बहुधा त्यानेच पाठवलेलं असतं. पान देता न येणं आणि सर्व्हरपर्यंत पोचताच न येणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि अपाचेची दुरुस्ती या फरकापासूनच सुरू करावी.

अपाचे हा १९९५ सालापासून वापरात असलेला वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलेली पानं पाठवणारा प्रोग्रॅम. एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरचं काम थंडावलं, तेव्हा तो वापरणाऱ्या काही मंडळींनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि त्यातून हा उभा राहिला. बिघाड झाला की बरेच जण त्याच्या सेटिंगच्या फाइली उघडून बसतात. त्याआधी पाहायचे ते दोन लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या नोंदींच्या फाइली. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये कोणी, कधी, काय मागितलं आणि कोणत्या क्रमांकाचं उत्तर मिळालं, हे ओळीओळीने असतं. एरर लॉगमध्ये कारण असतं. पाहुण्याला फक्त क्रमांक दिसतो, कारण दिसत नाही, आणि हे मुद्दामच केलेलं आहे: सर्व्हरच्या आतली रचना अनोळखी माणसाला कशाला सांगायची?

अ‍ॅक्सेस लॉगमध्ये आपल्या भेटीची ओळच नसेल, तर तोही पुरावा आहे. विनंती अपाचेपर्यंत आलीच नाही. ब्राउझर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत असेल, तर मशीन सापडलं, पण वेबसाठी ठरलेल्या ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या दारावर, बहुतेक कोणी ऐकत नाहीये. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं, तर संशय फायरवॉलवर, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर. एक खाच मात्र ध्यानात ठेवावी. लॉगमधली ओळ काम पुरं झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे आत अडकून पडलेली विनंतीही लॉगमध्ये दिसत नाही.

अपाचे सुरूच होत नसेल, तर कॉन्फिगरेशन (सेटिंगच्या फाइली) तपासण्याची आज्ञा द्यावी. चूक असेल तर ती फाइलचं नाव आणि ओळ दाखवते, नसेल तर 'सिंटॅक्स ओके'. पण ती फक्त लिहिलेलं वाचते. पोर्ट मोकळा आहे का, हे पाहत नाही. दुसरा एखादा सर्व्हर आधीच ८० क्रमांकावर बसलेला असला, तर सिंटॅक्स ओके असूनही अपाचे उठत नाही. सर्व्हरचं पूर्ण डोमेन नाव ठरवता आलं नाही, ही सूचना मात्र निरुपद्रवी आहे. नवशिके तिच्याच मागे लागतात आणि खरी चूक खालच्या ओळीत राहून जाते.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो ४०३. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार लागतो. म्हणून अपाचे रूट म्हणून सुरू होतो, पोर्ट घेतो आणि प्रत्यक्ष काम साध्या अधिकाराच्या प्रोसेसवर (प्रोग्रॅमच्या चालू प्रतीवर) सोपवतो. या साध्या प्रोसेसला फाइल वाचायची, तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची मुभा हवी. फाइल सर्वांना खुली, पण तीन पायऱ्या वरचं फोल्डर बंद, की ४०३ ठरलेला. अशा वेळी फाइलला सरसकट ७७७ परवानगी (कोणीही वाचावं, कोणीही बदलावं) देण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो धोकादायक तर आहेच, शिवाय अडथळा वर असल्याने निरुपयोगीही. उबुंटू या लिनक्स प्रणालीने २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्यांची होम फोल्डरं इतरांना बंद केली. जुन्या मार्गदर्शिकांप्रमाणे तिथे साइट ठेवणारे तेव्हापासून इथेच अडकतात. नेमकं कारण एरर लॉग सांगतो. वाटेतल्या फोल्डरची परवानगी नसेल तर एक वाक्य, कॉन्फिगरेशनमधल्या नियमाने अडवलं असेल तर दुसरंच.

५०० चा नेहमीचा संशयित म्हणजे साइटच्या फोल्डरमध्ये ठेवलेली सेटिंगची फाइल, डॉट-एचटीअ‍ॅक्सेस. ही फाइल प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने वाचली जाते, त्यामुळे तिच्यातली चूक रीस्टार्टची वाट न पाहता त्याच क्षणी साइट पाडते.

साइट चालू आहे, प्रोसेसर निवांत आहे, तरी पान उघडायला अर्धा मिनिट लागतं, हे कोडं जास्त मजेदार. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत एका वेळी एका जोडणीला एक प्रोसेस लागते, आणि मूळ मर्यादा २५६ ची. सगळ्या गुंतल्या की नवे येणारे ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत थांबतात. एरर लॉग मर्यादा वाढवण्याचा विचार करा असं सुचवतो. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. एक प्रोसेस ५० एमबी मेमरी खात असेल, तर २५६ प्रोसेसना सुमारे १२.५ जीबी लागेल. मशीनमध्ये ४ जीबीच असेल, तर मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं (स्वॅप) सुरू होऊन सगळंच रांगायला लागतं. बऱ्याचदा गुन्हेगार मागचा डेटाबेस असतो, आणि प्रोसेस बिचाऱ्या त्याच्या उत्तराची वाट पाहत असतात. काही प्रोसेस तर पान देऊन झाल्यावरही त्याच पाहुण्याच्या पुढच्या विनंतीसाठी ५ सेकंद थांबतात. २.४ आवृत्तीपासून स्थिर झालेली इव्हेंट पद्धत अशा निष्क्रिय जोडण्या वेगळ्या सांभाळते आणि कामगार मोकळे ठेवते.

आणि कधीकधी लॉगच डिस्क भरून टाकतो. मग कोणीतरी ती अवाढव्य फाइल डिलीट करतं, तरी जागा वाढत नाही. कारण अपाचेने ती उघडी धरलेली असते आणि नाव गेलं तरी मजकूर डिस्कवर राहतो. अशा वेळी ग्रेसफुल रीस्टार्ट द्यायचा. जुन्या प्रोसेस हातातलं काम संपवून गेल्या की जागा सुटते.