वाहतूक पोलिसांच्या कारवाईचे चित्रीकरण

सार्वजनिक रस्त्यावर वाहन अडवल्यानंतरची तपासणी, बोलणे आणि दंडाची कारवाई चालकाने किंवा सोबत्याने मोबाईलवर अथवा डॅशकॅमवर टिपणे. महाराष्ट्रात याला सरसकट मनाई करणारा कायदा नाही, तशी परवानगी देणारे स्वतंत्र कलमही नाही. केरळ पोलीस कायदा, २०११ च्या कलम ३३ मध्ये नागरिकाला कायदेशीर चित्रीकरण करण्यापासून पोलिसांनी रोखू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये तसे वाक्य नाही. त्यामुळे मुंबईत हा हक्क उभा राहतो तो संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. केरळसारखे कलम महाराष्ट्राच्या कायद्यातही यायला हवे, कारण नाक्यावर उभ्या हवालदाराला संविधानाचा अनुच्छेद समजावून सांगणे कोणालाच सोपे नसते.

‘व्हिडिओ काढलास तर सरकारी गुपितांचा गुन्हा लागेल’ ही धमकी बऱ्याचदा ऐकू येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये पोलीस ठाण्यातील चित्रीकरणाबद्दल नोंदवलेला असा गुन्हा रद्द केला. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम २(८) मधील ‘निषिद्ध ठिकाणा’च्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ठाणेच बसत नसेल, तर सायन किंवा दादरचा सिग्नल बसण्याचा प्रश्नच नाही. नौदलाची गोदी, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र अशा ठिकाणांच्या कुंपणालगत मात्र कॅमेरा बंदच ठेवावा.

चित्रीकरण करणे आणि पोलिसांचे कायदेशीर म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक प्रकरणे बिघडतात ती या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार वर्दीतील पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावेच लागते. ‘आधी कॅमेऱ्यासमोर नाव सांगा, मग कागद दाखवतो’ ही अट टिकत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागद चालतात, पण ज्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू आहे त्यातच लायसन्स शोधायला गेले की चित्रीकरण तुटते. यासाठी छापील प्रत किंवा कार्ड जवळ असलेले बरे.

गाडी चालू असताना फोन हातात घेऊ नये, तो कलम १८४ खाली वेगळा गुन्हा होतो. बाजूला थांबून, इंजिन बंद करून मग कॅमेरा सुरू करावा. दुचाकीस्वाराने फोन छातीजवळ धरावा आणि दोन-तीन हात अंतर राखावे. पोलिसाच्या तोंडासमोर फोन नेला, त्याने तो हाताने दूर केला आणि झटापट झाली, की भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (लोकसेवकावर हल्ला किंवा बलप्रयोग, दोन वर्षांपर्यंत कैद) लागण्याची भीती असते. नुसत्या अडथळ्यासाठी कलम २२१ आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत.

सुरुवातीलाच तारीख, वेळ आणि जागा मोठ्याने बोलावी. बेस्ट बसच्या हॉर्नमध्ये बोलणे बुडते, त्यामुळे फोनचा मायक्रोफोन बोटाखाली येणार नाही असा धरावा. पावसाळ्यात रेनकोटाखाली वर्दीवरची नावाची पट्टी झाकली जाते. तेव्हा नाव विचारून ते आवाजात टिपावे. ई-चलान मशीनवर निवडलेले कलम आणि रक्कम दिसली तर उत्तमच. तोडपाणीची भाषा होते ती बहुधा याच क्षणी, पावती फाडण्याआधी. पैसे मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

‘व्हिडिओ डिलीट कर’ असे रस्त्यावर फर्मावण्याचा अधिकार वाहतूक पोलिसाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. फोन जप्त करायचा तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली गुन्ह्याचा संशय लागतो आणि जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अशा वेळी ओढाताण न करता पंचनाम्याची मागणी करावी. दबावाखाली व्हिडिओ डिलीट झालाच, तर बहुतेक फोनमध्ये तो काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो. घरी पोहोचण्याआधीच परत मिळवावा.

समाजमाध्यमावर टाकताना ‘लाचखोर’ असा मथळा दिला की बदनामीचा (भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६) वाद ओढवतो. बाजूच्या गाडीतील माणसांचे चेहरे आणि नंबरप्लेट झाकाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान (कॉम्प्रेस) केला जातो, त्यातील मूळ तपशील गळतात आणि फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तिची ओळख पटवणारा संकेतांक, बदलतो. पुरावा म्हणून प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश नमूद करावा लागतो. त्यामुळे मूळ फाइल न कापता, न संपादता जपावी, आणि प्रकरण मिटेपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नये.