मोठं कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं जात नाही

दर्यापूर, पुसद, आर्वीकडे इंजिनिअरिंगच्या कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरताना हमखास सल्ला मिळतो: मागच्या कटऑफात बसेल तेच आधी टाका, मोठं कॉलेज वर टाकलं तर हातचंही जातं. हे साफ चूक आहे. जागा गुणवत्ता क्रमांकाने मिळते. तुमचा नंबर आला की यादी वरून बघतात. पहिलं भरलं असेल तर दुसरं, मग तिसरं. खालच्या कॉलेजांवरचा हक्क तसाच राहतो.

खरा धोका उलटा आहे. पोरगी अमरावतीचं सरकारी कॉलेज सातवं ढकलते, जवळचं खासगी पहिलं टाकते. पहिल्याच फेरीत ते लागलं की पुढच्या फेऱ्या बंद!

कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी शेवटी प्रवेश मिळालेल्याचा नंबर. तो प्रवर्ग, शाखा, फेरीगणिक बदलतो.