चेन फास्ट आहे म्हणता, पण हिशोब तपासतंय कोण?

नव्या पेठेत चहा पिताना असो की केगावला विद्यापीठाच्या आवारात, सोलापुरातली पोरं क्रिप्टोवर बोलायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला, कुठली ब्लॉकचेन जास्त फास्ट? माझ्या मते हा अर्धाच प्रश्न झाला.

ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची एकच वही अनेक कॉम्प्युटरवर ठेवायची. समजा आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा प्रत्येक सौदा प्रत्येक अडत्याने आपापल्या वहीत लिहायचा आणि वह्या जुळल्या तरच तो पक्का धरायचा, मग एकट्यादुकट्याला आकडा फिरवता येणार नाही पण काम हळू चालणार. घाई आहे म्हणून वह्या फक्त २१ जणांकडे ठेवल्या तर काम झटपट होईल, पण मग त्या २१ जणांवर विश्वास ठेवणं आलं. ईओएस नावाची ब्लॉकचेन २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एकेक गठ्ठा, बनवणारे खरंच २१ होते.

बिटकॉइन याच्या उलट टोकाला. ३ जानेवारी २००९ पासून चालू आहे, साधारण १० मिनिटाला एक ब्लॉक, सेकंदाला ७ च्या आसपास व्यवहार, बास. मग ब्लॉक मोठा का करत नाहीत? कारण ब्लॉक मोठा केला की डेटा वाढतो, मोठी डिस्क आणि तगडं इंटरनेट लागतं आणि साधा माणूस आपला नोड, म्हणजे हिशोबाची प्रत ठेवून तपासणारा कॉम्प्युटर, बंद करून बाजूला होतो. याच भांडणातून १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश वेगळी झाली. बिटकॉइनचा सगळा हिशोब आता ५०० जीबीच्या वर गेलाय, तरी १ टीबीची डिस्क असलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर तो मावतो, लाईट गेली तरी परत आल्यावर नोड राहिलेले ब्लॉक ओढून घेतो आणि स्वतः तपासतो. मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटरची ताकद लावून नवे ब्लॉक बनवणं, मात्र मोजक्या मोठ्या पूलांकडे (एकत्र मायनिंग करणाऱ्या गटांकडे) एकवटलंय, हेही सांगायला पाहिजे, पण त्यांनी नियम मोडून ब्लॉक बनवला तर असले घरचे नोड तो घेतच नाहीत.

सोलाना या चेनचा स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकसाठीचा वेळ, ४०० मिलिसेकंदांचा, वेग जबरदस्त, पण व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉक बनवणारा आणि तपासणारा कॉम्प्युटर, चालवायला २५६ जीबीच्या वर रॅम लागते, म्हणजे घरचा पीसी विसराच. सप्टेंबर २०२१ मध्ये बॉट्सच्या (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्यवहारांचा पूर आला आणि अख्खं नेटवर्क १७ तास बंद पडलं, मग व्हॅलिडेटरांनी एकमेकांशी बोलून ते परत चालू केलं.

इथेरियमने मधला रस्ता धरलाय. १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग बंद केलं, आता ३२ ईथर (इथेरियमचं नाणं) अडकवून व्हॅलिडेटर होता येतं आणि दर १२ सेकंदाला ब्लॉकचा नंबर लागतो. मूळ चेन मुद्दाम हलकी ठेवायची आणि गर्दी रोलअपवर ढकलायची, म्हणजे व्यवहार बाहेर करायचे आणि त्यांचा डेटा गोळा करून मूळ चेनवर टाकायचा. मार्च २०२४ च्या अपग्रेडने हा डेटा ठेवणं खूप स्वस्त झालं, रोलअपची फी धाडकन खाली आली. पण बऱ्याच रोलअपमध्ये व्यवहारांचा क्रम लावणारा सिक्वेन्सर अजून एकाच कंपनीच्या हातात आहे, म्हणून रोलअप वापरणाऱ्याने फीच्या आधी सिक्वेन्सर कोण चालवतं आणि तो बंद पडला तर आपले पैसे थेट मूळ चेनवरून काढता येतात का ते बघावं.