इंजिन तापणे (जुन्या मोटारगाड्या)

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर जाणे, याला बोलीत ‘गाडी गरम होणे’ किंवा ‘गाडी उकळणे’ म्हणतात. ही नोंद संगणकाविना, कार्ब्युरेटरवर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) चालणाऱ्या गाड्यांपुरती आहे : ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीच्या मारुती ८००. पहिल्या दोहोंत रेडिएटरचा (इंजिनातले गरम पाणी हवेने थंड करणारी नळ्यांची जाळी) पंखा बेल्टवर फिरतो, मारुतीत विजेच्या मोटरवर.

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, प्रश्नाने होते : गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवा कमी पडते आहे; दोष पंख्याकडे शोधावा. शहरात ठीक, पण घाटात किंवा ८०च्या वेगाने तापते, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे : रेडिएटर चोंदला आहे, पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजली आहेत किंवा रेडिएटरचा खालचा होज पाइप (रबरी नळी) चिमटतो आहे. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकला आहे किंवा आत पाणीच नाही. हा प्रश्न न विचारता सरसकट रेडिएटर उतरवणे हा गॅरेजमधला सर्वांत महागडा आळस आहे.

आधी काटा खरे बोलतो का ते पाहावे. सेंडरची (इंजिनात बसवलेला, तापमान मीटरला कळवणारा भाग) वायर काढली की काटा ‘सी’वर (थंड) पडतो आणि ती वायर क्षणभर बॉडीला टेकवली की ‘एच’कडे (गरम) धावतो, असे झाले तर मीटर आणि वायर ठीक आहेत, संशय फक्त सेंडरवर उरतो. काही जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर (मीटरना स्थिर वीज देणारा भाग) चालतात. दोन्ही एकदम जास्त दाखवू लागले तर इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. उलट धोका मोठा आहे : पाणी सेंडरच्या खाली उतरले की तो वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. चढलेला काटा अचानक पडला, तर गाडी तत्काळ थांबवावी.

झाकणाची आणि पाण्याची तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच. रेडिएटरचे झाकण सुमारे ०.९ बार दाब धरते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की हा दाब टिकत नाही आणि पाणी ओव्हरफ्लो नळीवाटे (जादा पाणी बाजूच्या बाटलीकडे नेणारी नळी) निघून जाते. त्याच झाकणात एक छोटा उलटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकल्याची खूण सोपी आहे : गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा होतो आणि बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये येत नाही. पाणी गंजाच्या रंगाचे असेल तर आत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी फिरले आहे असे समजावे. त्याचा क्षार आणि गाळ नळ्यांत व ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात बसतो. पितळी रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येते. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला नवा कोअर (नळ्यांची जाळी) हाच उपाय.

विजेच्या पंख्यासाठी थर्मोस्विचच्या (पाणी तापल्यावर पंखा सुरू करणारा स्विच) दोन्ही वायरी एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच गेला आहे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहावे. मोटर दुरुस्तीनंतर वायरी उलट लागून पंखा उलटा फिरण्याचे प्रकार होतात. वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरावा. पंखा हवा आत ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटतो.

खालचा होज पाइप इंजिन संथ चालत असताना निर्दोष दिसतो. पण बॉनेट उघडे ठेवून इंजिनाचे फेरे वाढवले की मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने चिमटताना दिसतो. पंपाच्या पोटाखालच्या बारीक छिद्रातून ओघळ आलेला असेल तर सील गेले आहे, पंप बदलावा.

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा (अंश सेल्सिअसचा) आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी व तापमापक ठेवून तो टांगावा. त्या आकड्याजवळ उघडू लागला पाहिजे आणि उकळत्या पाण्यात ७-८ मिमी उघडला पाहिजे. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची सवय गॅरेजांत जुनी आहे. त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

बाहेर गळती नाही, तरी पाणी घटते : आता हेड गॅस्केटचा (सिलिंडरांवरचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) संशय. थंड इंजिन झाकणाविना सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे, सकाळी एक प्लग ओला, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी, यांपैकी दोन खुणा जुळल्या की हेड उतरवावे. नुसती साय पुरेशी नाही. थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती दवामुळेही साचते. उतरवलेल्या हेडवर सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) खाली सरकतो का पाहावे. सरकला तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणे) करून घ्यावे, नाहीतर नवे गॅस्केट पुन्हा उडते.

इग्निशन टायमिंग मागे पडणे (ठिणगी उशिरा पडणे), कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होणे (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि चाकाचा ब्रेक घासत राहणे यांमुळेही इंजिन तापते. कूलिंगचे सगळे भाग निर्दोष निघाल्यावर इकडे वळावे.

पाणी भरताना निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर असल्यास नॉब गरमवर फिरवावा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन चालवत, वरचा होज पाइप दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहावे. घाईने भरले तर हवा अडकते आणि नव्या थर्मोस्टॅटवर नाहक आळ येतो.