पेट्रोलवर सुरळीत, गॅसवर मिसिंग : दोष नेमका कुठे?

सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार चढाला लागली की मिसिंग करत, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन न पेटल्याने, गचके देऊ लागते, पिकअप जातो, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकतो आणि बटण दाबून पेट्रोलवर आणताच सारे सुरळीत होते. दोष गॅसच्या किटमध्येच असणार, असा निष्कर्ष अशा वेळी गाडीचा मालक काढतो आणि पुष्कळदा मेकॅनिकही काढतो. तो वरवर बिनतोड वाटला तरी अपुरा आहे, कारण दोन्ही इंधने एकाच प्लगच्या ठिणगीने पेटत असली, तरी ती ठिणगी पाडणे दोन्ही वेळी सारखे सोपे नसते.

सीएनजीचा मुख्य घटक मिथेन. गॅस आणि हवेच्या मिश्रणात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यासाठी सामान्यतः पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि मिश्रणात गॅस थोडा जरी कमी पडला तरी ही मागणी आणखी वाढते. वायूचा दाब आणि दोन टोकांमधले अंतर यांवर ठिणगीसाठी लागणारे व्होल्टेज अवलंबून असते, हे फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले होते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते, ठिणगीच्या क्षणीचा दाब वाढतो आणि ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइल अशक्त झाली असेल तर ती किंवा झिजून फट रुंदावलेला प्लग नेमका तिथेच हार मानतो. पेट्रोलवर तोच प्लग आणखी काही महिने तक्रारीविना चालला असता. म्हणूनच गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, या लक्षणाचा पहिला संशयित माझ्या मते किट नसून इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, असायला हवा. शिवाय ते तपासणे स्वस्त आणि सोपेही आहे.

प्लग बाहेर काढल्यावर बहुतेक जण फक्त टोकाकडे पाहतात, पण खरी खूण पुष्कळदा वर, पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर सापडते. तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर वीज फटीतून न जाता बाहेरच्या बाजूने इंजिनाच्या धातूकडे पळत आहे, असे समजावे. अशी रेघ प्लगवर दिसली तर कॉइलच्या रबरी टोपणाच्या आतही तिची जोड हमखास शोधावी. नुसता प्लग बदलला आणि टोपण जुनेच ठेवले, तर नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटते. प्लगची फट मात्र अंदाजाने कमीजास्त न करता उत्पादकाने गॅससाठी दिलेल्या मापाचीच ठेवावी.

कोणता सिलिंडर चुकला हे गाडीच्या संगणकाला कळते, ते क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांच्या धक्क्यांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, गतीवरून. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात एका सिलिंडरचा धक्का मिळतो. मिनिटाला ३००० फेरे असताना हा अर्धा फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो आणि धक्का हुकला की त्याला किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यावरून दुसऱ्या सिलिंडरसाठी पी०३०२, तिसऱ्यासाठी पी०३०३ असे दोषाचे कोड नोंदले जातात. कोड पी०३०२ असेल आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवून गाडी पुन्हा गॅसवर, भाराखाली चालवून पाहावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलमध्ये. जागचा हलला नाही, तर त्या सिलिंडरचा प्लग, मग गॅस इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याची ताकद) या क्रमाने पुढे जावे.

कोड एका सिलिंडरचा नसून पी०३००, म्हणजे अनेक सिलिंडरांत विखुरलेला असेल, तर मात्र सगळ्यांना सामाईक असलेल्या भागांकडे वळावे लागते. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला गॅस रेग्युलेटरमध्ये काही बारपर्यंत उतरतो आणि उतरताना झपाट्याने थंड होतो, म्हणून बहुतेक रेग्युलेटरांतून इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते. कूलंट कमी झाले तर रेग्युलेटर गारठून दाब डळमळतो. गॅस भरणाऱ्या कॉम्प्रेसरमधले तेलही थोडे गॅसबरोबर येते आणि फिल्टरमध्ये व इंजेक्टरमध्ये चिकटून बसते. भार वाढताच गॅसचा दाब कोसळतो का, हे गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर गाडी चालू असतानाच पाहावे. उच्च दाबाच्या नळ्यांना मात्र प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही हात लावू नये.

इथे ऑक्सिजन सेन्सर हमखास चकवा देतो. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो आणि संगणकाला इंधन कमी पडत असल्याचा निरोप जातो. तो आकडा वाचून ठिणगीच्या दोषापायी चांगला रेग्युलेटर बदलला जाऊ शकतो. म्हणून इंधनाचे आकडे मिसिंग होत नसतानाचे, स्थिर वेगावरचे घ्यावेत.

उभ्या गाडीत, दोन्ही इंधनांवर थरथर जाणवत असेल आणि वेग वाढल्यावर ती कमी होत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडा, लवकर झिजू शकतात. व्हॉल्व्ह आत धसतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट आटते आणि गरम झालेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशनची चाचणी आणि टॅपेटचे माप यांनीच ते पकडता येते. प्लग किंवा कॉइल कितीही बदलल्या तरी ही थरथर जात नाही.