लाइव्ह अल्बम (रॉक संगीतातील)

श्रोत्यांसमोर झालेल्या रॉक मैफलीचे ध्वनिमुद्रण करून त्यातून सिद्ध केलेला अल्बम. तो एकाच रात्रीचा असू शकतो किंवा दौऱ्यातील अनेक रात्री जोडून केलेला असू शकतो. पुष्कळदा तो मैफलीची फीत आणि स्टुडिओतील डागडुजी यांचे मिश्रण असतो. वेष्टनावर ‘लाइव्ह’ छापले आहे म्हणून आतला प्रत्येक स्वर त्या सभागृहातच उमटला असे धरून चालता येत नाही, आणि या प्रकाराविषयीचे बहुतेक वाद याच मुद्द्यावरून झडलेले आहेत. वाद्यवृंदांचा इतिहास व गाण्यांचा परामर्श त्या त्या नोंदीत आढळेल. येथे मुख्यतः उगम, मुद्रणतंत्र आणि अस्सलपणाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

उगम : मैफलीचे ध्वनिमुद्रण रॉकहून जुने आहे. बेनी गुडमन यांच्या जाझ वाद्यवृंदाची कार्नेगी हॉलमधील १६ जानेवारी १९३८ ची मैफल त्याच रात्री तबकड्यांवर उतरवली गेली, पण विक्रीस आली ती १९५० मध्ये. दरम्यान दीर्घ वाजणारी एलपी तबकडी रूढ झाली होती. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपत असे. तीत एखादे गाणे मावे, मैफल मावत नसे.

रॉकमधील पहिला लाइव्ह अल्बम कोणता, याबाबत एकमत नाही. रिची व्हॅलेन्स यांनी डिसेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील पकोइमा येथील आपल्या जुन्या शाळेत केलेला कार्यक्रम १९६० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तोवर विमान अपघातात त्यांचे निधन होऊन जवळजवळ दोन वर्षे उलटली होती. मात्र त्या तबकडीची एकच बाजू मैफलीची आहे, दुसऱ्या बाजूवर अपुरी राहिलेली गाणी आहेत. जेम्स ब्राउन यांचा न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील अल्बम (मुद्रण २४ ऑक्टोबर १९६२, प्रकाशन १९६३) अनेकजण आरंभबिंदू मानतात. आधीच ऐकलेली गाणी लोक पुन्हा विकत घेणार नाहीत, असे किंग रेकॉर्ड्सचे मालक सिड नेथन यांचे मत होते. तेव्हा ब्राउन यांनी मुद्रणाचा खर्च पदरचा केला. अल्बम अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि ६६ आठवडे यादीत राहिला. त्याचा प्रभाव वादातीत आहे, पण संगीत सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गानप्रकाराचे आहे. रॉकच्या व्याख्येत ते बसवायचे तर व्याख्याच सैल करावी लागते.

१९६४ मधील तीन तबकड्यांचाही दावा आहे. यार्डबर्ड्सचा लंडनच्या मार्क्वी क्लबमधील अल्बम मार्चमध्ये मुद्रित झाला व डिसेंबरमध्ये निघाला. जेरी ली लुइस यांनी ५ एप्रिल रोजी हँबर्गच्या स्टार क्लबमध्ये केलेले वादन त्याच वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झाले, पण करारातील अडचणींमुळे अमेरिकेत अनेक वर्षे मिळत नव्हते. बीच बॉइजचा ऑक्टोबरमधील अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, परंतु त्यातील काही भाग स्टुडिओतला आहे. मैफल खरी असावी, वाद्यसंच रॉकचा असावा आणि प्रकाशन समकालीन असावे, या तीन कसोट्या एकत्र लावल्यास मार्क्वी आणि हँबर्ग यांचे पारडे जड ठरते. त्यांतही सादरीकरणाच्या जोमात हँबर्गला तोड नाही, असे समीक्षकांचे सर्वसाधारण मत आहे.

मुद्रणतंत्र : रंगमंचावरील प्रत्येक मायक्रोफोनचा संकेत दुभागून एक शाखा सभागृहातील ध्वनिवर्धकांकडे आणि दुसरी मुद्रणयंत्राकडे नेली जाते. हे यंत्र बहुधा सभागृहाबाहेर उभ्या केलेल्या वाहनात असते. रोलिंग स्टोन्सने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉरीत बसवून घेतलेला फिरता स्टुडिओ या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहे. बॉब मार्ली यांचा लंडनच्या लायसियममधील जुलै १९७५ चा अल्बमही त्याच लॉरीत मुद्रित झाला.

वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर (फितीवरील स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर) घेता येऊ लागली तेव्हा मागाहून तोल साधणे शक्य झाले. बीटल्सच्या हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंडलातील १९६४ व १९६५ च्या मैफली तीन ट्रॅकवर मुद्रित झाल्या होत्या. किंकाळ्यांनी भरलेल्या या फिती कॅपिटल कंपनीने तेव्हा बाजूला ठेवल्या. १९७७ मध्ये त्यांचा अल्बम करायचे ठरले, तोपर्यंत चालू स्थितीतले तीन ट्रॅकचे यंत्र सापडणेच मुश्किल झाले होते. सापडलेले यंत्र तापू लागल्याने व्हॅक्यूम क्लीनरने त्यावर वारा घालावा लागल्याचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नोंदवले आहे. याउलट ग्रेटफुल डेडने १९६९ च्या प्रारंभीच सोळा ट्रॅकचे यंत्र सॅन फ्रान्सिस्कोतील सभागृहांत नेले. त्यातून निघालेला ‘लाइव्ह/डेड’ हा सोळा ट्रॅकवर मुद्रित झालेला पहिला रॉक लाइव्ह अल्बम मानतात.

फितीची लांबी ही दुसरी अडचण. २,५०० फुटांचे रीळ सेकंदाला १५ इंच या वेगाने सुमारे ३३ मिनिटे चालते, ३० इंच वेगाने त्याच्या निम्मे. वीस-पंचवीस मिनिटे रंगणाऱ्या गाण्याच्या मध्यावर रीळ संपू नये म्हणून दोन यंत्रे आगेमागे सुरू ठेवत. श्रोत्यांचा आवाज टिपणारे मायक्रोफोन वेगळे असतात आणि त्यांची जागा नाजूक असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे रंगमंचापासून ३४ मीटरवर टांगलेल्या मायक्रोफोनमध्ये ड्रमचा ठोका दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिश्रण करताना हा ट्रॅक वाढवला की ठोका दुहेरी ऐकू येतो.

एवढ्या सरंजामाशिवायही काम भागल्याचे एक उदाहरण आहे. व्हेल्वेट अंडरग्राउंडची न्यूयॉर्कच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबमधील २३ ऑगस्ट १९७० ची मैफल ब्रिजिड पोक यांनी साध्या कॅसेट रेकॉर्डरवर घेतली. १९७२ मध्ये तीच फीत अल्बम म्हणून निघाली. दोन गाण्यांच्या मध्ये जवळच बसलेले कवी जिम कॅरल पेय मागवताना स्पष्ट ऐकू येतात. तांत्रिक दर्जा सुमार आहे, पण खोलीचा अदमास इतका नेमका देणारी मुद्रणे थोडीच आहेत.

अस्सलपणाचा प्रश्न : मैफलीला स्टुडिओचे ठिगळ लावण्याची प्रथा रॉकने सुरू केली नाही. ड्यूक एलिंग्टन यांचा न्यूपोर्ट महोत्सवातील १९५६ चा गाजलेला जाझ अल्बम बराचसा स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या घालून तयार केला होता. त्यातील पॉल गोन्साल्विस यांचे प्रसिद्ध सॅक्सोफोनवादन दूरचे वाटते, कारण ते कंपनीच्या नव्हे तर व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर वाजवत होते. नभोवाणीची फीत पुढे सापडली आणि दोन्ही फिती जुळवून १९९९ मध्ये मूळ मैफल प्रकाशित झाली. रोलिंग स्टोन्सच्या १९६६ च्या लाइव्ह अल्बममध्येही दोन गाणी निव्वळ स्टुडिओतली असून त्यांवर किंकाळ्या चढवल्या आहेत.

सर्वांत लांबलेला वाद थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ (१९७८) या अल्बमचा. निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांच्या म्हणण्यानुसार त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्टुडिओत पुन्हा मुद्रित झाला. वाद्यवृंदाच्या बाजूने नेमके उलटे प्रमाण सांगितले जाते. पाऊण भाग मैफलीचा आहे, दुरुस्ती मुख्यतः साथीच्या आवाजांची आणि काही गिटारची, असा त्यांचा दावा आहे. हा वाद निव्वळ साक्षींवर सोडवण्यापेक्षा मुद्रणाच्या स्वरूपाकडे पाहणे अधिक उपयुक्त. रंगमंचावर कोणताही मायक्रोफोन एकच वाद्य टिपत नाही. मोठ्या आवाजातील गिटार ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये झिरपते, ड्रम गायकाच्या मायक्रोफोनमध्ये. त्यामुळे गिटारचा ट्रॅक बदलला तरी जुन्या गिटारची पुसट छाया ड्रमच्या ट्रॅकवर उरतेच, आणि दोन्ही तंतोतंत जुळले नाहीत तर कानाला खटकते. मुख्य वाद्ये सरसकट बदलणे यामुळे अवघड जाते. म्हणून व्हिस्कॉन्टी यांचे प्रमाण अतिशयोक्त असावे असे वाटते, मात्र दुरुस्ती मामुली होती असेही म्हणता येणार नाही. किस या वाद्यवृंदाच्या ‘अलाइव्ह!’ (१९७५) या अल्बमबाबत मात्र वादाला फारशी जागा नाही. स्टुडिओत पुष्कळ काम झाल्याचे निर्माते एडी क्रेमर यांनीच मान्य केले आहे. त्यातील श्रोत्यांचा गजर इतका सलग आहे, की त्यामागे अशा छाया झाकण्याचाही हेतू असावा.

उलट प्रकारही आढळतो. नील यंग यांनी ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ (१९७९) मधील बहुतेक गाणी मैफलीत मुद्रित केली आणि श्रोत्यांचा आवाज जवळजवळ पुसून टाकला, त्यामुळे तो अनेकांना स्टुडिओतला अल्बम वाटतो. स्थळांची नावेही जपून घ्यावी लागतात. मोटरहेडच्या ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ (१९८१) मध्ये हॅमरस्मिथचे मुद्रण नाही. यू टूच्या १९८३ च्या ‘अंडर अ ब्लड रेड स्काय’ची ओळख रेड रॉक्स या कोलोरॅडोतील रंगमंडलाशी जोडली जाते, पण त्यातील दोनच गाणी तेथील आहेत.

बूटलेग : कलावंत व कंपनी यांच्या परवानगीवाचून निघालेली मुद्रणे. रॉकमधील अशा तबकड्यांचा आरंभ बॉब डिलन यांच्या गाण्यांच्या १९६९ च्या ‘ग्रेट व्हाइट वंडर’पासून धरतात. त्याच वर्षाच्या अखेरीस रोलिंग स्टोन्सच्या ओकलंड येथील ९ नोव्हेंबरच्या मैफलीची चोरटी तबकडी निघाली. सप्टेंबर १९७० मधील ‘गेट यर या-याज आउट!’ हे त्याला दिलेले अधिकृत उत्तर होते, असे सामान्यतः म्हटले जाते. द हू यांनी तर १४ फेब्रुवारी १९७० च्या मैफलीवरील ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’चे वेष्टनच चोरट्या तबकडीसारखे साधे, शिक्का मारलेले ठेवले आणि आतल्या लेबलवर फितीतील खरखर दुरुस्त करू नये अशी सूचना छापली. दुसऱ्या दिवशीची हल येथील मैफल वाद्यवृंदाला अधिक पसंत होती, पण तिच्या आरंभीच्या गाण्यांत बास गिटार फितीवर उतरलीच नव्हती, म्हणून लीड्सची निवड झाली. लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहातील या मुद्रणाला अनेक समीक्षक रॉकमधील सर्वश्रेष्ठ लाइव्ह अल्बम मानतात.

डिलन यांची ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ म्हणून ओळखली गेलेली चोरटी तबकडी प्रत्यक्षात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील १७ मे १९६६ च्या मैफलीची आहे. विद्युत गिटार हाती घेतल्याबद्दल श्रोत्यांतून आलेली ‘जूडस’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) ही आरोळी याच फितीवर आहे. कोलंबियाने १९९८ मध्ये ती अधिकृतपणे काढली, तेव्हाही चुकीचे नाव अवतरणचिन्हांत कायम ठेवले. खऱ्या अल्बर्ट हॉलमधील २६ मेची मैफल २०१६ मध्ये आली.

अन्य उल्लेखनीय अल्बम : ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ (मार्च १९७१) हा संपादनाचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे. पहिल्या रात्री सोबतीला घेतलेले सुषिर वाद्यांचे वादक निर्माते टॉम दाउड यांनी आग्रहाने दूर केले. ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणे सुमारे २३ मिनिटांचे असून त्याने तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापली आहे. डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ (ऑगस्ट १९७२) मूळ केवळ जपानी बाजारपेठेसाठी योजला होता. त्यात मागाहून काही भरले नसल्याचे सांगितले जाते. चीप ट्रिकचा टोकियोच्या बुदोकान सभागृहातील अल्बमही प्रथम जपानपुरताच (१९७८) निघाला, पण आयात प्रतींना मागणी वाढल्याने पुढच्या वर्षी अमेरिकेत काढावा लागला. खपाच्या दृष्टीने पीटर फ्रॅम्प्टन यांचा ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ (१९७६) हा मैलाचा दगड ठरला.

‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ (१ ऑगस्ट १९७१) या तीन तबकड्यांच्या संचाला १९७३ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ व अल्लारखा वाद्ये सुरात लावत असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवाजुळव इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल, अशा आशयाचे रविशंकर यांचे उद्गार फितीवर आहेत.

१९८० नंतर दूरचित्रवाणी व चित्रपट यांचा वाटा वाढला. टॉकिंग हेड्सचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (मुद्रण डिसेंबर १९८३) आणि निर्वाणा या वाद्यवृंदाची न्यूयॉर्कमधील १८ नोव्हेंबर १९९३ ची, एमटीव्ही या संगीतवाहिनीसाठीची मैफल ही ठळक उदाहरणे. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून श्रोत्यांमधील मुद्रणकारांना स्वतंत्र जागा नेमून दिली. पर्ल जॅमने २००० सालच्या दौऱ्यातील ७२ मैफली अधिकृत अल्बम म्हणून विक्रीस आणल्या. पुढे संगणकाच्या साहाय्याने जुन्या फितींतील आवाज वेगळे करता येऊ लागले. हॉलिवुड बोलच्या फितींवर हे तंत्र वापरून किंकाळ्यांखालचे गायन व वादन जाइल्स मार्टिन यांनी वर आणले, आणि २०१६ मधील नव्या आवृत्तीत चार जादा गाणी दिली.